जुने स्नेही आणि शिडाची नाव

शिडाच्या नावेंत कायमचें घर करून समुद्रावर हिंडणाऱ्या लोकांची एक लहानशी जमात गेल्या कांहीं दशकांत जगभर पसरली आहे. हे लोक खलाशी नव्हेत, व्यापारीही नव्हेत. कोणी लवकर पेन्शन घेतलेला इंजिनीयर, कोणी शाळामास्तर, कोणी दवाखाना विकून आलेला डॉक्टर. बहुधा नवराबायको दोघेंच. पस्तीस-चाळीस फूट लांबीची नाव, तिच्यांत निजण्याच्या दोन जागा, एक चूल, थोडीं पुस्तकें आणि टांकींत मोजून वापरावयाचें पाणी. आज या बंदरांत, दोन महिन्यांनीं त्या बंदरांत, असा त्यांचा संसार चालतो. या लोकांत एक नियम रूढ आहे. जमिनीवरचे जुने मित्र जेव्हां विचारतात कीं, आम्ही आठ दिवस तुमच्या नावेवर राहावयास येतों, कोठें आणि केव्हां येऊं, तेव्हां त्यांस उत्तर मिळतें: तारीख तुम्हीं ठरवावी किंवा ठिकाण तुम्हीं ठरवावें, दोन्ही ठरवूं नयेत. तारीख तुमची असेल तर त्या दिवशीं नाव जेथें असेल तेथें तुम्हीं यावयाचें. ठिकाण तुमचें असेल तर नाव तेथें पोंचेल तेव्हां तुम्हीं यावयाचें.

प्रथम ऐकतांना हा नियम विनोदी वाटतो. आम्हांसही तसाच वाटला होता. पण त्याच्या पोटांत मैत्रीसंबंधींचा एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, आणि तो आमच्या स्वतःच्या वर्तनाशीं येऊन भिडल्यामुळें त्याचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

नियमाच्या बाजूनें पुष्कळ बोलतां येईल. शिडाची नाव वाऱ्याच्या मर्जीनें चालते. तिच्यांत इंजिन असतें, पण तें बंदरांत शिरण्या-निघण्यापुरतें आणि वारा पडला असतां थोडी मजल मारण्यापुरतें. महासागर ओलांडण्यास पुरेल इतकें तेल लहान नावेंत मावत नाहीं. ताशीं पांच सागरी मैल, म्हणजे सायकलवाल्यालाही हंसूं येईल असा वेग. वारा समोरून असेल तर तोही नाहीं. तेव्हां नागमोडी जाऊन दुप्पट वाट तोडावी लागते. अमुक दिवशीं अमुक विमानतळावर मित्र उतरणार आहे एवढ्यासाठीं वाईट हवेंत नांगर उचलला आणि त्यापायीं नाव गमावली, अशा कथा या लोकांत वारंवार सांगितल्या जातात. नावेवरची सर्वांत धोक्याची वस्तु कोणती, तर कॅलेंडर, असें ते थट्टेनें म्हणतात तें याचमुळें.

आपल्या कोंकणच्या किनाऱ्याला ही गोष्ट नवी नव्हती. मचवे आणि फत्तेमाऱ्या मालाबरोबर माणसेंही नेत असत त्या काळीं मुंबईहून माणूस येणार एवढेंच घरीं ठाऊक असे. कोणत्या दिवशीं, हें तांडेलासही सांगतां येत नसे. आमच्या आजोळीं त्यासाठीं एक शब्दप्रयोग होता: 'तो वाऱ्यावर आहे.' येणाऱ्यासाठीं रोज मूठभर तांदूळ जास्त शिजत, आणि तो न आल्यास कोणी रागावत नसे. आषाढ-श्रावणांत तर समुद्रच बंद. नारळी पौर्णिमेपर्यंत वाट पाहणें हें दुःख नव्हतें, तो ऋतूचाच भाग होता. आजी हें सांगे तेव्हां तिच्या स्वरांत तक्रार नसे. आम्हांस मात्र लहानपणीं त्या जास्तीच्या तांदुळाचें पुढें काय होई याचीच चौकशी अधिक होती.

पण येथेंच एक शंका उभी राहते. मचव्यानें येणाऱ्या माणसास दुसरा मार्ग नव्हता. आजच्या हौशी नाविकानें मात्र ही गति आपण होऊन पत्करली आहे. वारा त्याच्या हातीं नाहीं हें खरें. पण वाऱ्याच्या हातीं जाणें हें त्याच्याच हातीं होतें. ज्या जीवनपद्धतींत वेळ पाळणें अशक्य, तीच आपण हौसेनें निवडली, तर वेळ न पाळण्याचा दोष वाऱ्यावर ढकलतां येईल काय? भेटींत जी अनिश्चितता आहे तिचा सगळा भार या नियमानें मित्राच्या माथीं मारला आहे. त्यानें रजा मागावयाची, विमानाचें तिकीट काढावयाचें आणि शेवटीं कोठल्याशा धक्क्यावर बसून क्षितिजाकडे पाहावयाचें; नाविकानें 'वारा नव्हता' एवढें म्हणून मोकळें व्हावयाचें. आमचे विद्यार्थी तासाला उशिरां आले म्हणजे 'बस चुकली' म्हणतात. त्यांत आणि यांत फरक कोणता?

आश्चर्य असें कीं, हेच लोक परक्यासाठीं जिवावर उदार होतात. २०१८ च्या सप्टेंबरांत आपल्या नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतींत दक्षिण हिंदी महासागरांत असतां वादळांत त्यांच्या नावेची डोलकाठी मोडली आणि पाठीस जबर दुखापत होऊन ते जागचे हलूं शकेनात. त्याच शर्यतींतील आयर्लंडचा ग्रेगर मॅकगकिन याच्या नावेचीही डोलकाठी त्याच वादळांत गेली होती. तरी त्यानें तात्पुरतें शीड उभारून टॉमींच्या दिशेनें नाव वळविली. अखेर 'ओझिरिस' नांवाच्या फ्रेंच जहाजानें आधीं टॉमींस आणि मग मॅकगकिन यास उचलून घेतलें. संकटांतील अनोळख्याकडे नाव वळविणें हा समुद्राचा धर्म आहे आणि तो कोणत्याही लेखी कायद्याहून जुना आहे. संकटांत नसलेल्या मित्राकडे नाव वळविण्यास मात्र कोणताच कायदा सांगत नाहीं. मैत्रीची खरी अडचण हीच आहे. तिच्यांत बहुतेक वेळां कोणी बुडत नसतें.

मग जुन्या मित्रावर आपला हक्क तरी कोणता? आपल्या पुराणेतिहासांत याचीं दोन उत्तरें आहेत आणि दोन्हींची मांडणी विलक्षण सारखी आहे. दोन्हीकडे गुरुगृहींचे सोबती, दोन्हीकडे एक दरिद्री ब्राह्मण आणि एक वैभवशाली राजपुरुष. सुदामा द्वारकेस जातो तो फडक्यांत पोहे बांधून, आणि तेथें गेल्यावर कांहीं मागत नाहीं. द्रोण द्रुपदाकडे जातो तो लहानपणींच्या वचनाची हुंडी घेऊन. द्रुपद ती वटवीत नाहीं. मैत्री बरोबरीच्यांत असते आणि काळानें ती झिजते, असें तो सुनावतो. या उत्तराबद्दल द्रुपदास आजवर पुष्कळ दोष मिळाला. पण द्रोणानें पुढें काय केलें? शिष्यांकरवीं त्यास बांधून आणविलें, अर्धें राज्य ठेवून घेतलें, आणि आतां आपण बरोबरीचे झालों, तेव्हां मैत्रीस हरकत नाहीं, असें त्यास सांगितलें. या जुळविलेल्या मैत्रीच्या पोटीं द्रोणाचा वध करणारा धृष्टद्युम्न जन्मास आला, हें वाचकांस ठाऊकच आहे. जुन्या मित्राकडे निघतांना आपण सारे स्वतःस सुदामा समजतों. पुष्कळदां काखेंत हुंडी असते.

आमच्या काखेंत ती कशी होती हें आतां सांगितलें पाहिजे.

पुण्यास कॉलेजांत असतांना आमचा एक सोबती होता. चार वर्षें आम्ही एका खोलींत राहिलों, एकच सायकल दोघांनीं चालविली, आणि परीक्षेच्या दिवसांत एक जागा राही तेव्हां दुसरा झोपे. १९९० सालीं तो इंग्लंडास गेला, इंजिनीयर म्हणून तेथेंच स्थायिक झाला. आम्ही येथें इंग्रजी वाङ्मय शिकवीत राहिलों. प्रथम पत्रें, मग दिवाळीचीं कार्डें, मग एकमेकांच्या घरच्या बातम्या तिसऱ्याच्या तोंडून कळणें: विरहाच्या या पायऱ्या कोणासही नव्यानें सांगावयास नकोत. २०१८ सालीं अचानक त्याचें पत्र आलें. नोकरी सोडली, घर विकलें, मलेशियाच्या लंकावी बेटावर एक जुनी नाव विकत घेतली, आम्ही दोघें तिच्यांतच राहतों. पुढील जानेवारींत श्रीलंकेवरून कोचीस येऊं, तूं ये. पत्राच्या शेवटीं वर सांगितलेला नियम होताच.

आम्हीं काय उत्तर धाडलें? ठिकाण त्याचें, कोची, तें कबूल. पण तारीखही आम्हींच कळविली: ९ ते १४ जानेवारी. त्यापुढें कॉलेजांत परीक्षेचें काम होतें. त्यानें 'प्रयत्न करतों' असें लिहिलें. आम्हीं तें 'होय' असें वाचलें.

कोचीस आम्ही एर्नाकुलमच्या बाजूस, बोल्गाटी बेटासमोर, एका लॉजमध्यें उतरलों. हल्लीं उपग्रहाच्या साहाय्यानें नावेचें स्थान नकाशावर ठिपक्याच्या रूपानें मोबाईलवर दिसतें. ती सोय त्यानें आम्हांस करून दिली होती. ठिपका श्रीलंकेच्या गाले बंदरांत होता. दहा तारखेस तेथेंच. अकरा तारखेस तेथेंच. ईशान्येचा मोसमी वारा मनारच्या आखातांतून दाराच्या फटींतून यावा तसा दाटून येतो आणि जानेवारींत त्यास ऊत येतो. कन्याकुमारीला वळसा घालीपर्यंत लहान नावेस तो आडवा झोडपतो. हें सर्व त्यानें निरोपांत कळविलेंही. आम्हीं निरोप वाचला आणि मनांत म्हटलें, हा कॉलेजांतही असाच होता. बारा तारखेच्या सायंकाळीं ठिपका हलला. गाले ते कोची सुमारें तीनशें सागरी मैल. चवदा तारखेस संध्याकाळीं तो कोल्लमजवळ, म्हणजे कोचीपासून एका रात्रीच्या अंतरावर होता. आमची गाडीही त्याच संध्याकाळची होती. आम्ही गाडींत बसलों. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मडगांव स्टेशनावर चहा घेत असतां पाहिलें, तों ठिपका बोल्गाटीजवळ येऊन थांबला होता.

परीक्षेचें काम दुसऱ्या कोणाकडे देतां आलें असतें. आमच्या विभागांत तसें नेहमीं होतें, आणि इतरांचें काम आम्हीं स्वतः किती तरी वेळां पत्करलें आहे. एक फोन करावयाचा होता, तो केला नाहीं. पुष्कळ दिवस आम्ही स्वतःची समजूत 'कर्तव्य' या शब्दानें घालीत होतों. त्याचा जसा वारा तसें आमचें परीक्षेचें काम, असा हिशेब आम्हीं जुळवून ठेवला होता. पण मनारचा वारा खरोखर वाहत होता. आमचा वारा आम्हींच फुंकलेला होता. खरें कारण निराळें होतें, आणि तें लिहितांना आजही लेखणी अडखळते. अठ्ठावीस वर्षें ज्यानें आमची विचारपूस केली नाहीं, आमचे वडील वारले तेव्हां ज्याची एक ओळ आली नाहीं, त्याची आम्हीं आणखी एक रात्र वाट कां पाहावी? त्या सर्व वर्षांची वसुली आम्हीं त्या गाडीच्या तिकिटानें करून घेतली. हुंडी म्हणतों ती ही.

त्याची नाव पुढें तीन आठवडे कोचीस होती. आम्ही पुन्हा गेलों नाहीं. नाव धक्क्यास बांधून दोन दिवस त्यास पुण्यास येतां आलें असतें. तोही आला नाहीं. फेब्रुवारींत तो तांबड्या समुद्राच्या वाटेस लागला, ठिपका अरबी समुद्रांत शिरला, आणि आम्हीं तो पाहणें सोडून दिलें. आमच्या पत्नीनें सोडलें नव्हतें, असें मागाहून कळलें.

या सुमारास जोशुआ स्लोकमचें प्रवासवृत्त आम्हीं पुन्हा हातीं घेतलें. एकट्यानें शिडाच्या नावेंतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला मनुष्य. २४ एप्रिल १८९५ रोजीं तो बोस्टनहून निघाला आणि २७ जून १८९८ रोजीं अमेरिकेंतच न्यूपोर्टला परत पोंचला. मजल सेहेचाळीस हजार मैलांची. त्याच्या एकटेपणाची ख्याति फार. पण त्या प्रवासाचें मूळच एका जुन्या ओळखींत आहे. वाफेच्या जहाजांनीं शिडांचा धंदा बुडविल्यामुळें हा नाणावलेला कप्तान रिकामा फिरत होता. १८९२ सालच्या हिंवाळ्यांत बोस्टनमध्यें त्यास एबेन पिअर्स नांवाचा देवमाशांच्या शिकारीवरचा जुना कप्तान भेटला, आणि फेअरहेवन गांवीं आल्यास आपण त्यास एक जहाज देऊं, दुरुस्ती मात्र करून घ्यावी लागेल, असें त्यानें सांगितलें. स्लोकम जाऊन पाहतो तों 'स्प्रे' नांवाची एक जीर्ण नाव पाण्यापासून दूर शेतांत टेकूंवर उभी करून वर कापड घालून ठेवलेली. ही थट्टा होती. स्लोकमनें ती थट्टा देणगी म्हणून स्वीकारली; तेरा महिने खपून, ५५३ डॉलर ६२ सेंट खर्चून, जुन्याच्या जागीं नवें लांकूड घालीत त्यानें ती पावणेसदतीस फुटांची नाव पुन्हा उभी केली. जुन्या मित्रानें दिलेल्या वस्तूचें काय करावें याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस आठवत नाहीं.

पुढें मोंटेव्हिडिओहून ब्युनॉस आयरिसपर्यंत कप्तान हॉवर्ड नांवाचा त्याचा एक जुना स्नेही 'स्प्रे'वर बरोबर आला. एकट्याच्या त्या प्रवासांतील ही रात्र दोघांची. वारा सोसाट्याचा, ओघही अनुकूल. हॉवर्ड होकायंत्राजवळ बसून राहिला आणि नाव आपल्या दिशेपासून रेसभरही ढळत नाहीं हें पाहत राहिला. ज्या ब्युनॉस आयरिसला ते चालले होते तेथेंच १८८४ सालीं स्लोकमची पहिली पत्नी व्हर्जिनिया त्याच्या जहाजावर वारली होती. त्या शहराच्या वर्णनांत नव्या गोद्या आहेत, दुकानें आहेत. तिचें नांव नाहीं. दोन मुरलेल्या कप्तानांनीं त्या रात्रीं कांहीं तरी हृदयद्रावक बोलावें अशी अपेक्षा करणाऱ्या वाचकाच्या हातीं होकायंत्राची तबकडी तेवढी लागते. तरुणपणीं आम्हांस हा भाग कोरडा वाटला होता.

आतां वाटतें कीं, जुन्या मैत्रीस पुन्हा पालवी फुटावयाची तर तिला असेंच कांहीं तरी काम लागतें. ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या दहा खंडांपैकीं दोन मैत्रीस दिले आहेत. अंतर पडल्यानें मैत्री नष्ट होत नाहीं, तिचा व्यवहार तेवढा थांबतो. पण अंतर फार काळ टिकलें तर मैत्रीचाच विसर पडतो, असें तो म्हणतो. आणि पुरेसें मीठ बरोबर खाल्ल्यावांचून माणसें एकमेकांस ओळखीत नाहींत, ही म्हणही तो तेथें सांगतो. आपणही खाल्ल्या मिठास जागण्याची भाषा करतों. पण ती धनी आणि चाकर यांच्यामध्यें, मित्रांमध्यें नव्हे, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. जुने मित्र दिवाणखान्यांत भेटतात तेव्हां काय होतें? पहिल्या घटकेंत सगळे मास्तर आणि त्यांच्या लकबी येऊन जातात. मग मुलांच्या नोकऱ्या, मग गुडघे, मग कोणी तरी घड्याळाकडे पाहतें. जुनें मीठ दोन तासांत संपतें आणि नवें खाण्याचें कोणी मनांत आणीत नाहीं. नावेवर पाहुण्यास बसून राहतांच येत नाहीं. हा दोर धर, तो सोड, पाणी जपून वापर, रात्रीं दोन ते चार तूं जाग. तीस वर्षांपूर्वीं आपण कसे होतों हें सांगण्याऐवजीं आज आपण कसे आहों हें दुसऱ्यास दिसतें, आणि तें नेहमींच शोभिवंत असतें असें नाहीं.

म्हणून नावेवरच्या लोकांच्या आपसांतील मैत्रीचें जें कौतुक केलें जातें तें आम्हांस सर्वस्वी पटत नाहीं. सर्वच एका वाऱ्याचे व एका ऋतूचे प्रवासी असल्यामुळें एका बंदरांत निरोप घेतलेलीं माणसें सहा महिन्यांनीं दुसऱ्या बंदरांत पुन्हा भेटतात, मिठ्या मारतात, एकमेकांच्या पंपाची दुरुस्ती करतात, आणि कटकट वाटूं लागण्यापूर्वीं नांगर उचलतात. हें सुखाचें आहे यांत शंका नाहीं. पण ज्या मैत्रीस दीर्घ आजार, उसने पैसे आणि मुलांचीं लग्नें यांतून जावें लागलें नाहीं तिची परीक्षा व्हावयाचीच आहे, असें आमच्यासारख्या जमिनीवरच्या माणसास वाटतें. कदाचित् हा मत्सरही असेल.

२०२० च्या वसंतांत साथीमुळें बंदरें बंद झालीं. ग्रीसमध्यें हौशी नावांस धक्का सोडण्याची मनाई झाली, आणि आमचा मित्र त्या वेळीं तेथेंच होता. एप्रिलांत त्याचें चार ओळींचें पत्र आलें: आतां तारीखही दुसऱ्याच्या हातीं आणि ठिकाणही, तूं कसा आहेस? आम्ही त्या वेळीं चार भिंतींत बसून मोबाईलच्या पडद्यावरून शेलेचीं सुनीतें शिकवीत होतों. आम्हीं त्याच दिवशीं उत्तर लिहिलें. त्या उत्तरांत कोचीचा उल्लेख नव्हता. त्याच्या पुढल्या पत्रांतही नव्हता.

भेट व्हावयास आणखी चार वर्षें लागलीं. २०२४ च्या सप्टेंबरांत आम्हीं बिनपगारी रजा घेतली आणि त्यास लिहिलें कीं, या वेळीं तारीख तुझी आणि ठिकाणही तुझें. त्याचें उत्तर आलें: पहिल्या पंधरवड्यांत, लेफ्कादा आणि इथाका यांच्या दरम्यान कोठें तरी. लेफ्कादा हें ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यालगतचें बेट. मुख्य भूमीपासून एका कालव्यानें तुटलेलें आणि एका तरत्या पुलानें जोडलेलें. नावांसाठीं तो पूल दर तासाला उघडतो. कालव्याच्या कांठीं एका खाणावळीवजा हॉटेलांत आम्ही उतरलों आणि चार दिवस तो पूल उघडतांना आणि मिटतांना पाहत बसलों. कोचीसही चारच दिवस नीट वाट पाहिली होती हें मनांत येत होतें. फरक इतकाच कीं, या वेळीं ठिपका पाहावयाचा नाहीं असें ठरविलें होतें. पांचव्या दिवशीं सकाळीं दहाच्या पुलांतून तो आला. डोक्याला टक्कल, अंगानें निम्मा झालेला. त्यानें आम्हांस धक्क्यावर दुरूनच ओळखलें, कारण, तो म्हणाला, आम्ही अजून एका पायावर भार देऊन उभे राहतों.

पोहे आणि मेतकूट आम्हीं पुण्याहून नेलें होतें. वहिनींनीं तें पाहून हंसून विचारलें, 'मडगांवचा चहा बरा होता काय?' तेव्हां आम्हांस कळलें कीं, ज्या वर्षीं आम्हां दोघांत अबोला होता त्या वर्षीं दोन्ही घरच्या बायकांचा पत्रव्यवहार अव्याहत चालू होता. मैत्रीवरच्या ॲरिस्टॉटलच्या दोन खंडांत या गोष्टीस जागा नाहीं, आणि आमच्या या लेखांतही ती इतक्या उशिरां यावी हें चमत्कारिक आहे. त्यावर मित्र कांहीं बोलला नाहीं. त्यानें आमच्या हातीं एक दोर दिला.

इथाकेस आम्ही तीन दिवसांनीं पोंचलों. वीस वर्षांनीं घरीं आलेल्या ओडिसियसला त्याच्या म्हाताऱ्या कुत्र्यानें ओळखलें तें हेंच बेट. वाथीच्या खाडींत नांगर टाकला होता, चूल पेटली होती. कोचीविषयीं बोलावें असें आमच्या मनांत तीन दिवस होतें. अखेर आम्हीं सांगितलें कीं, त्या दिवशीं परीक्षेचें काम दुसऱ्यास देतां आलें असतें.

'ठाऊक आहे,' तो म्हणाला. थोड्या वेळानें म्हणाला, 'तुझे वडील गेल्याचें मला आठव्या दिवशीं कळलें होतें. लिहावयास बसलों होतों. मग एक महिना झाला, आणि एक महिना झाल्यावर काय लिहावयाचें, म्हणून राहिलें.'

खाडींत दुसऱ्या नावांचे दिवे हलत होते. वहिनींनीं ताटें वाढलीं. जेवण झाल्यावर त्यानें विचारलें, 'तुझें परतीचें तिकीट केव्हांचें?'

हें आम्हीं मुद्दाम सांगितलें नव्हतें. 'सतराचें,' आम्ही म्हणालों, 'प्रेवेझाहून.'

प्रेवेझा लेफ्कादाच्या पलीकडे, म्हणजे पुन्हा उत्तरेस, त्या पुलांतून. त्यानें हवेचा अंदाज काढून पाहिला. दुपारनंतर वारा वायव्येचा, अगदीं तोंडावर.

'मग सोळाला पहांटे चारला निघूं,' तो म्हणाला. 'अकराचा पूल गांठावयाचा.'

'घाई कशाला? तिकीट बदलतां येतें.'

'बदलूं नकोस,' तो म्हणाला, आणि नांगराची साखळी पाहावयास पुढें गेला.